प्रपोजसाठी तात्पुरती अंगठी: चांदी घेऊ, सोनं घेऊ की आर्टिफिशियल?

प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मुलगा चोपड्याचा, नोकरी पुण्यात. मुलगी धुळ्याची, तीही पुण्यातच नोकरीला. दिवाळीत दोघं गावी येणार, त्यातला एक दिवस काढून तोरणमाळला जायचं आणि तिथे विचारायचं असं त्याच्या मनात आहे. मुलगी आधीच बोलून गेलीय की माझी अंगठी मीच निवडणार, म्हणून त्या दिवसापुरती हातात द्यायला एक तात्पुरती अंगठी हवी. त्या अंगठीसाठी बजेट दोन ते चार हजार, खऱ्या अंगठीसाठी साठ-सत्तर हजार वेगळे ठेवलेत. बोटाचं माप माहीत नाही, घरी दोन्हीकडे कोणाला काही सांगितलेलं नाही. एक मित्र म्हणतो तीनशेची ऑनलाईन मागव, दुसरा म्हणतो सोन्याची घे आणि नंतर परत कर, तिसरा म्हणतो मॉइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा खडा, घे, कोणाला कळतंय. आणि याला भीती ही की स्वस्तातली दिली तर ती कंजूस समजेल.

भाऊ, मी जळगावला सराफीच्या घरात आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून काउंटरला बसते, आणि साखरपुड्याच्या अंगठ्या आमच्याकडे जास्त करून मीच दाखवते कारण मुली माझ्याशी मोकळं बोलतात. गेल्या काही वर्षांत तुमच्यासारखी मुलं यायला लागलीत, एकटी येतात, हळू आवाजात बोलतात, ओळखीचं कोणी दुकानात आलं की चांदीच्या निरंजनांकडे बघत उभी राहतात. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नवा नाही.

तुम्ही विचारलंय की कुठल्या धातूची घेऊ. पण तुम्ही समोर असता तर मी आधी उलटं विचारलं असतं, की खरी अंगठी आली की हिचं काय करणार आहात? कारण तात्पुरत्या अंगठीचं नंतर तीनपैकी एकच काहीतरी होतं. एकतर ती दुकानात परत जाते किंवा मोडीत निघते, नाहीतर कपाटातल्या डब्यात पडते, नाहीतर ती मुलगी ती दुसऱ्या बोटात कायम घालते. हे एकदा ठरलं की धातू, खडा, किंमत सगळं आपोआप ठरतं. हे न ठरवता बाजारात गेलात तर सेल्समन जे पुढे करेल ते घेऊन याल.

आधी सोन्याचं बघू, कारण हा सल्ला सगळ्यात जास्त लोक देतात आणि ऐकायला एकदम शहाणपणाचा वाटतो. "सोनं काय वाया जात नाही, नंतर परत देऊ." सोनं वाया जात नाही हे खरं, पण अंगठी म्हणजे नुसतं सोनं नाही ना. हिशोबाला सोपं जावं म्हणून धरून चालू की २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० आहे आणि तुम्ही २ ग्रॅमचं साधं वेढं घेतलं. सोनं झालं २०,००० चं. मजुरी १२ टक्के धरली तर २,४००. त्यावर ३ टक्के जीएसटी म्हणजे ६७२. बिल झालं २३,०७२. दोन महिन्यांनी परत आणलंत आणि भाव तोच असेल तर तुम्हाला फक्त सोन्याचे पैसे मिळणार, मजुरी आणि जीएसटी परत येत नाही, कुठे कुठे वरून घटही धरतात. म्हणजे तीन हजार गेलेच. भाव वाढला तर भरून निघेल, पडला तर अजून जातील, तो जुगार वेगळा. तीन हजारात तुमची चांदीची चांगली अंगठी येते आणि ती तिच्याकडे राहते. शिवाय बजेट चार हजार आणि बिल तेवीस हजार, मग मूळ मुद्दाच राहिला बाजूला.

कमी वजनाचं घेऊ म्हणाल तर २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं, त्यामुळे एक ग्रॅमचं वेढंसुद्धा मजुरी धरून दहा हजाराच्या वर जातं. आणि एक ग्रॅमचं वेढं इतकं पातळ असतं की दुचाकीचा हँडल घट्ट धरला तरी त्याचा आकार अंडाकृती होतो, २२ कॅरेट मऊच असतं. अजून एक गोष्ट, २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची, म्हणजे शुद्धतेच्या सरकारी शिक्क्याची, सक्ती नाही. बाकी सोन्यावर १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अंकी-अक्षरी ओळख नंबर, असल्याशिवाय विकताच येत नाही, तो नंबर सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो, पण हलक्या अंगठीच्या बाबतीत दुकानदार "याला लागत नाही" म्हणाला तर तो खोटं बोलत नाहीये. अशा वेळी शुद्धता बिलावर लिहून घ्या, आणि लिहून देत नसेल तर घेऊ नका. आता ९ कॅरेटही हॉलमार्कमध्ये आलंय, ३७५ चा शिक्का असतो, स्वस्त पडतं, पण आपल्याकडे मोडीला नेलं की बरेच सराफ नाक मुरडतात, त्यामुळे "नंतर देऊन टाकू" या हिशोबाने तरी ते घेऊ नका.

आणि कृपा करून "वन ग्रॅम गोल्ड" म्हणजे एक ग्रॅम सोनं असं समजू नका. वर्षानुवर्षं लोक फसतात. ते पितळेवर किंवा तांब्यावर सोन्याचं पाणी दिलेलं असतं, त्यात एक ग्रॅम सोनं वगैरे काही नसतं. आमच्या काउंटरवर कोणी ते मोडायला घेऊन आलं की सांगताना मलाच कसंतरी होतं.

आता तीनशेची ऑनलाईन. मी स्वस्ताला नावं ठेवत नाहीये, काही प्रसंगी ती एकदम बरोबर ठरते. तुमच्या दोघांचा स्वभाव मस्करीचा असेल, तिने डब्यातली प्लास्टिकची अंगठी बघून हसून "बरं चल, खरी कधी घेतोस" म्हटलं असतं अशी ती असेल, तर तीनशे पण कशाला, सारंगखेड्याच्या जत्रेतली वीस रुपयांचीही चालेल. तिथे अंगठी म्हणजे निमित्त. पण तुमच्या लिहिण्यावरून ती तशी वाटत नाही, आणि तुम्ही तर अजिबातच वाटत नाही. मग तीनशेच्या अंगठीचा प्रॉब्लेम किमतीचा नाही, अंगाला लागण्याचा आहे. स्वस्त अंगठ्यांमध्ये निकेल असतं, कित्येक मुलींना निकेलने बोट खाजतं, लाल पुरळ येतं. तांबं-पितळ असेल तर घामाने बोटाला हिरवट रिंग पडते. खडा चिकटवलेला असतो, हात धुता धुता निघून जातो. तिने भाबडेपणाने रोज घातली आणि चौथ्या दिवशी बोट हिरवं झालं तर ती तुम्हाला काही बोलणार नाही, पण तुम्हाला ते बोट दिसत राहील.

मॉइसनाइट आणि सीझेडचं जरा सविस्तर सांगते, कारण तिसऱ्या मित्राचा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. वस्तू म्हणून दोन्ही चांगल्या आहेत. सीझेड म्हणजे आपल्याकडे ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतात तोच, स्वस्त असतो, रोज वापरला की काही महिन्यांनी धारा बोथट होतात आणि चमक मंद होते. मॉइसनाइट त्याच्यापेक्षा कडक, कडकपणाच्या मापात हिरा १० तर हा ९.२५, चमक तर हिऱ्यापेक्षा जास्त रंगीत. उष्णतेवर चालणारं साधं टेस्टर लावलं तर तो हिराच दाखवतं, वेगळं टेस्टर लागतं. म्हणून मित्र म्हणतो कोणाला कळतंय. अहो, कळायला टेस्टर कशाला लागतं, मावशी पुरते.

आमच्याकडे झालेलंच सांगते, नावगाव सांगत नाही. एका मुलाने चांदीत बसवलेला मोठा पांढरा खडा दिला, दिसायला अगदी सॉलिटेअर, म्हणजे एकाच मोठ्या हिऱ्याची अंगठी, आणि तात्पुरती आहे हे बोलायचं त्या गडबडीत राहून गेलं, नाहीतर मुद्दाम राहू दिलं असेल. मुलीने स्टेटसला फोटो टाकला. दोन दिवसांनी तिची मावशी तिला घेऊन दुकानात, सोबत अजून दोघीजणी. मावशीने अंगठी काढून काचेवर ठेवली आणि म्हणाली, "ताई, हिऱ्याची आहे, वजन करून जरा किंमत सांगा." मी भिंगातून आत बघितलं, ९२५ चा शिक्का स्पष्ट. आता मी काय बोलणार? म्हटलं अंगठी छान आहे, चांदी आहे, खडा मॉइसनाइट आहे. मुलीचा चेहरा पडला. पैशांसाठी नाही पडला हो, चारचौघींत पडला. मुलगा वाईट नव्हता, नंतर दोघं एकत्र येऊन चांगली अंगठी करून घेऊन गेले. पण ते दोन मिनिटं त्या मुलीने जे झेललं ते टाळता आलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तात्पुरती अंगठी खऱ्या अंगठीची नक्कल नको. ती बघता क्षणी वेगळी दिसली पाहिजे. साखरपुड्याची जशी दिसणार त्याच्याशी तिची तुलनाच होता कामा नये, मग ती स्वस्त वाटत नाही, कारण कोणाच्या तुलनेत स्वस्त? हजाराची साधी चांदीची अंगठी ही हजाराची चांगली वस्तू असते, तीन हजाराचा नकली सॉलिटेअर हा दोन लाखाच्या अंगठीपुढे तीन हजाराचा नकली सॉलिटेअर असतो.

तुमच्या परिस्थितीत हे अजूनच महत्त्वाचं, कारण घरी माहीत नाही. दिवाळीत ती धुळ्याला आईवडिलांकडे असणार. घरात फराळाला बायका जमलेल्या, आणि पोरीच्या डाव्या हाताच्या अनामिकेत चकाकणारा मोठा खडा, तर आई सोडा, शेजारच्या काकू आधी विचारतील. ती बिचारी एकतर खोटं बोलणार नाहीतर अंगठी काढून पर्समध्ये ठेवणार. दोन्ही वाईट. तेच जर नाजूक चांदीचं वेढं असेल तर "पुण्यात घेतली गं" म्हणून खपून जातं आणि ती तुमच्या अंगठीसकट चकल्या तळू शकते. तिच्या घरी आधीच कुणकुण असेल, बहीण वगैरे सामील असेल, तर हे तितकं आड येणार नाही. ते तुम्हाला माहीत.

आणि पुढचंही बघा. आपल्याकडे मुलाने विचारलं, मुलीने हो म्हटलं, म्हणजे झालं असं होत नाही. मग घरचे भेटणार, सुपारी फुटणार, साखरपुड्याची तारीख निघणार, आणि साखरपुड्याच्या अंगठ्या घ्यायला दोन्ही घरचे मिळून नेहमीच्या सराफाकडे जाणार. तुमच्या आईच्या मनात सूनबाईची अंगठी कधीपासून असेल. एका आईचं वाक्य माझ्या कायम लक्षात राहिलंय, पोरगा डिझाईनवरून घोळ घालत होता तर त्याला म्हणाली, "आंडेरले आवडाले पाहिजे, तू गप बस." म्हणजे मुलीला आवडायला पाहिजे. तर त्या दिवशी मुलीला, आईला, सगळ्यांना निवडायला जागा राहिली पाहिजे. तुम्ही आधीच हिऱ्यासारखं काहीतरी देऊन ठेवलंत की मग तिथे "एक आहे ना आधीची" असा फाटा फुटतो. साधी चांदी कोणाची जागा अडवत नाही.

आईची किंवा आजीची अंगठी वापरू का, असंही बरेच जण विचारतात, तुम्ही विचारलं नाही तरी सांगून टाकते. आईला माहीत असेल आणि तिने स्वतः काढून दिली असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही, पण मग ती तात्पुरती राहत नाही. आजीचं वेढं एकदा दिलं की "आता परत दे, खरी आणलीय" म्हणता येत नाही. आणि न सांगता कपाटातून नेणार असाल तर नकोच. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला डबे बाहेर निघतात, त्यात एक वस्तू कमी दिसली तर तुमचं प्रपोज राहील बाजूला आणि घरात मोलकरणीवर संशय जाईल.

तर चांदी. ९२५ ची घ्या, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. आत शिक्का बघा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही एचयूआयडीची सोय आलीय पण ती ऐच्छिक आहे, त्यामुळे नसेल तर लगेच संशय घेऊ नका, बिलावर ९२५ लिहून घ्या म्हणजे झालं. तीन-चार ग्रॅमच्या अंगठीत चांदीची किंमत थोडी असते, मजुरी, खडा आणि ब्रँडचे पैसे जास्त असतात, म्हणून मोठ्या शोरूममध्ये तीच वस्तू दुप्पट दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. जळगावला सुभाष चौकात सराफ बाजारात जा, धुळ्याला जा, पुण्यात घ्या, पण हातात घेऊन घ्या. बऱ्याच अंगठ्यांना वरून ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचं पाणी असतं, त्याने पांढरी चकाकी येते आणि लवकर काळी पडत नाही. नुसती चांदी काळी पडणारच, हवेतल्या गंधकाने पडते, पुसली की परत उजळते, त्यात फसवणूक नाही.

हातात घेतली की दोन गोष्टी करा. एक, अंगठी ओढणीवरून नाहीतर स्वतःच्या सुती रुमालावरून हलकी फिरवा. धागा अडकला तर खड्याचे काटे नीट बसलेले नाहीत, ती रोज केसात, स्वेटरमध्ये अडकणार. दुसरं, आतल्या बाजूने करंगळीचं टोक फिरवून बघा, शिक्क्याजवळ किंवा जोडाजवळ खरखर लागता कामा नये. बाहेरून पॉलिश सगळेच करतात, आतून हात फिरवणारा कारागीर चांगला.

डिझाईन मी सांगणार नाही, तिचा हात मी बघितलेला नाही. फक्त ती नेहमी पिवळं घालते की पांढरं ते आठवा. नेहमी सोनेरीच घालत असेल तर चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली मिळते, ते पाणी वर्षभरात उतरतं, पण तोपर्यंत तिचं काम झालेलं असतं. अंगठी उंच नको, बसकी हवी. आणि खडा घेणारच असाल तर राशीच्या खड्यांपासून लांब रहा. निळा खडा दिसला की घरातलं कोणीतरी नीलम समजणार आणि "हा कोणी घालायला सांगितला, सगळ्यांना मानवत नाही" म्हणून घोर लावून घेणार. पोवळं, पुष्कराज, हिरवा खडा, सगळ्यांची हीच गत. सीझेड असतो म्हणून किती सांगाल? बारीक पांढरे खडे, गुलाबी, नाहीतर बिनखड्याचीच, नुसती पीळ दिलेली किंवा पान कोरलेली. मला विचाराल तर बिनखड्याची.

मापाकडे वळते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. आपल्याकडचं माप सोपं आहे, बोटाच्या घेराचे मिलिमीटर वजा ४०. म्हणजे घेर ५२ मिमी तर माप १२. प्रत्येक पुढचं माप म्हणजे घेरात साधारण एक मिलिमीटर. तिची एखादी अंगठी मिनिटभर हाती लागली तर कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलने आतून गोल काढा, त्या गोलाचा व्यास मोजा, ३.१४ ने गुणा, ४० वजा करा. १६.५ मिमी व्यास आला तर ५१.८ वजा ४०, म्हणजे १२. आमच्याकडे बहुतेक मुलींचं १० ते १४ मध्ये येतं, तुमचं उत्तर २० आलं तर कुठेतरी चुकलंय, परत मोजा. ऑनलाईन घेताना अमेरिकन माप दिलेलं असतं, तिथलं ६ म्हणजे आपलं १२ च्या आसपास, आणि तिथलं एक माप म्हणजे आपली अडीच, हे न बघता लोक "एकच नंबर मोठी घेऊ" म्हणून मोठी झूल घेऊन येतात.

पण तिची ती अंगठी कुठल्या बोटातली हे बघितल्याशिवाय वरचं सगळं फुकट. मधल्या बोटातली असेल तर अनामिकेला सैल होणार. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाची त्या हाताची बोटं थोडी जाड असतात. पट्टी रुंद असेल तर तेच माप घट्ट बसतं, पाऊण-एक माप वाढवावं लागतं. आणि खान्देशातल्या माणसाने हवामान विसरू नये. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा बोटं फुगलेली असतात, उन्हाळ्यात मापाने घेतलेली अंगठी हिवाळ्यात फिरायला लागते. तुम्ही तर दिवाळीत तोरणमाळला जाणार, वर सातपुड्यात तेव्हा सकाळी चांगली थंडी असते, बोटं आकसलेली असणार. तिथे थोडी सैल वाटली तर घाबरू नका, पण मुळातच दोन मापं मोठी नेऊ नका.

माप अजिबातच मिळालं नाही तर मागून उघडी असलेली अंगठी घ्या, फ्री साईज म्हणतात ती. तात्पुरत्या कामाला मला ती खूप पटते. हळूच दाबली की बसते. फक्त उघडी टोकं गोल घासलेली आहेत का ते बोटाने बघा, टोकदार असतील तर शेजारच्या बोटाला ओरखडे पडतात. आणि एकदा बसवली की परत परत वाकवायची नाही, त्याच जागी चांदी तुटते. बंद अंगठी घेतली आणि लहान-मोठी झाली तर चांदीत दोन-तीन मापांचा फरक आरामात काढता येतो, पाणी उतरतं ते परत द्यावं लागतं. स्टील, टंगस्टन, किंवा चारी बाजूंनी खडे असलेली घेतली तर मात्र मापात काही करता येत नाही, म्हणून माप माहीत नसताना या तिन्ही नकोत.

इथपर्यंत काय झालं तर, तुमच्यासाठी मी चांदी म्हणतेय, ९२५, बसकी, बिनखड्याची किंवा बारीक खड्याची, माप मिळालं तर बंद नाहीतर उघडी, दीड ते तीन हजारात. चार पूर्ण खर्चायची गरज नाही, वरचे हजार पेट्रोलला ठेवा.

वेळेचं एक सांगते. घ्यायची असेल तर नवरात्राच्या आधी घ्या, जमलं तर पितृपक्षात. तेव्हा बरेच लोक सोनं घेत नाहीत, दुकानं मोकळी असतात, तुम्हाला दहा अंगठ्या काढून दाखवायला कोणी कंटाळत नाही, मापात फरक असला तर कारागीर तिथल्या तिथे बसून करून देतो. धनत्रयोदशीच्या आठवड्यात आलात तर मीसुद्धा तुमच्याशी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोलू शकणार नाही. खऱ्या अंगठीलाही हेच, दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई उघडते, ऑर्डरची वस्तू हवी असेल तर साखरपुड्याच्या आधी तीन-चार आठवडे तरी हाताशी ठेवा. साठ-सत्तर हजारात सध्याच्या भावाला काय येतं हे तेव्हा दोघं मिळून बघा, तिला हिरा हवा असेल तर लॅबमध्ये बनवलेलाही बघा, आपल्या शेजारी सुरतेला त्याचं केवढं काम चालतं, पण मोडीला त्याचे काही येत नाहीत हे धरून.

कंजूस वाटण्याचं म्हणाल तर ते अंगठीवर नाही, तुम्ही पुढे काय बोलता त्यावर आहे. तिने स्वतः सांगितलंय की मी निवडणार, म्हणजे तुम्ही तिचं ऐकलंत हेच तर दाखवायचंय. तेव्हा डबी उघडल्या उघडल्या, तिने काही विचारायच्या आत सांगा की ही फक्त आजच्यासाठी, चांदीची आहे, तुझी अंगठी आपण दोघं जाऊन घ्यायची, त्याचे पैसे वेगळे ठेवलेत. किंमत सांगू नका, विचारली तरच सांगा. आणि ही तुझीच राहणार, परत मागणार नाही, हेही सांगून टाका. डबीसुद्धा सोन्याच्या दुकानाची लाल मखमली घेऊ नका, ती उघडताना माणूस काय अपेक्षा करतो ते तुम्हाला कळतंय. आमच्याकडे चांदी गुलाबी कागदात बांधून देतात, तो कागद तसाच राहू दिला तरी चांगला दिसतो.

तिने जर तिथेच "मला हीच आवडली, दुसरी नको" म्हटलं तर, होतं असंही, लगेच आनंदाने पैसे वाचले म्हणू नका. साखरपुड्याला घरच्यांसमोर दुसरी लागणारच आहे, ही उजव्या हातात राहील.

तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठावर विचारणार असाल तर अंगठी बोटात जाईपर्यंत पाण्यापासून चार पावलं मागे उभे रहा. थंड हात, सैल अंगठी, आणि त्यात तुमचा हात थरथरणार. बिल मात्र घरी ठेवा, डबीत नको.